न्हावा-शेव्याच्या वळणावरील गाळउपसा: जहाजावरील प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

आज सकाळी जहाजावर रुजू झालो. कामाचे क्षेत्र मुंबई बंदराच्या मुख्य नौकामार्गातून न्हावा-शेव्याकडे वाट वळते त्या वळणावर, जवाहर द्वीप आणि घारापुरी यांच्या दक्षिणेला आहे. लांबी साधारण दोन किलोमीटर, रुंदी दोनशे मीटर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खाड्यांमधून आणि उथळ चिखलपट्ट्यांवरून हललेला गाळ येथे येऊन बसतो, कारण वळणावर भरतीचा ओघ फाकतो आणि त्याचा जोर कमी होतो. ठरलेल्या खोलीच्या वर सरासरी ८५ सेंटिमीटर गाळ आहे. म्हणजे जागेवरच्या मापाने ३ लाख ४० हजार घनमीटर गाळ काढावयाचा आहे.

आमचे जहाज चालता चालता गाळ ओढून घेणाऱ्या जातीचे, म्हणजे ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर आहे. दोन्ही कुशींना एकेक सक्शन पाइप, पाइपाच्या टोकाला ड्रॅगहेड, म्हणजे तळावरून घासत गाळ ओढणारे तोंड, आणि मधोमध ५,००० घनमीटरचा हॉपर, म्हणजे गाळ साठवण्याचे कोठार, अशी त्याची रचना आहे. कटर सक्शन ड्रेजर खांब रोवून एका जागी उभा राहतो, बार्जवरचे खोदयंत्रही जागचे हलत नाही. हे जहाज मात्र स्वतःच्या इंजिनावर चालत राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनर जहाजांना वाट करून देऊ शकते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराची वाहतूक एका दिवसासाठीही थांबवता येत नाही, म्हणून या मार्गातील देखभालीच्या कामाला याच जातीचे जहाज हवे.

७ ऑक्टोबर

दिवसभर मोजणीच्या नौकेवर होतो. प्रथम बार-चेक केला. इको-साउंडरच्या, म्हणजे ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, बरोबर खाली लोखंडी पट्टी ठरावीक खोलीवर सोडायची आणि यंत्र तीच खोली दाखवते का ते पाहायचे, इतकी साधी ही तपासणी आहे. पावसाळा नुकताच संपला असल्याने बंदरातील पाण्याच्या वरच्या थरात अजून खारटपणा कमी आहे. ध्वनीचा वेग त्याप्रमाणे बदलतो, म्हणून वेगाचे मापन दोनदा घेतले.

मोजणी दोन वारंवारितांवर केली. २१० किलोहर्ट्झचा ध्वनी गाळाच्या अगदी वरच्या, पाण्यासारख्या पातळ थरावरूनच परत फिरतो, तर ३३ किलोहर्ट्झचा ध्वनी त्या थरातून खाली घट्ट गाळापर्यंत पोहोचतो. वळणाच्या आतल्या बाजूला या दोन तळांमध्ये कुठे कुठे सव्वा मीटरचे अंतर दिसले. हा सगळा वाहता गाळ आहे. करारात २१० किलोहर्ट्झचा तळ धरलेला असल्याने तोही आम्हालाच हलवावा लागेल आणि पातळ गाळ पंपाने ओढणे सोपे असले तरी तो जहाजात भरून नेणे कठीण असते.

भरतीच्या मापाबाबत सर्वांना स्पष्ट सांगितले आहे. मुंबईत सरासरी उधाणाची भरती चार्ट डेटमच्या (नकाशातील खोली जेथून मोजतात त्या पातळीच्या) वर ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर असते, म्हणजे सहा तासांत पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते. कामाचे क्षेत्र ४ लाख चौरस मीटर आहे. भरतीच्या नोंदीत १० सेंटिमीटरची चूक झाली, तर हिशेबात ४० हजार घनमीटरचा फरक पडेल, म्हणजे खेपेला अडीच हजार घनमीटर गाळ धरला तर आमच्या सोळा खेपांचे काम कागदावरच नाहीसे होईल किंवा कागदावरच उभे राहील. म्हणून भरती-ओहोटी मापकाचे वाचन आणि उपग्रहावरून मिळणारी उंची रोज सकाळी ताडून पाहावी असे ठरले.

८ ऑक्टोबर

पहाटे पाचला पहिली खेप सुरू झाली. डेकवर उभा राहून पाइप खाली सोडताना पाहिला. वर्षानुवर्षे पाहूनही या वेळी माझे लक्ष दुसरीकडे जात नाही. तीन गँट्र्या (उचलयंत्रे) पाइपाला उचलून जहाजाच्या कडेबाहेर नेतात. वरच्या टोकाचा सरकता तुकडा जहाजाच्या कुशीतल्या खाचेतून घसरत सक्शनच्या तोंडासमोर येतो आणि तेथे घट्ट बसतो. मग मधली आणि मागची वायर सैल होत जाते आणि ड्रॅगहेड पाण्याखाली दिसेनासा होतो. तो तळाला टेकला की वायरीचा ताण एकदम उतरतो आणि स्वेल कॉम्पेन्सेटरचा सिलिंडर लाटेबरोबर वर-खाली होऊ लागतो. जहाज लाटेवर उचलले गेले तरी ड्रॅगहेड तळावरून उठू नये, हे त्या सिलिंडरचे काम आहे.

जहाजाचा वेग दोन नॉट. ४६ मिनिटांत हॉपर भरला. तेथून प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर, खुल्या समुद्रात ठरवून दिलेल्या जागेपर्यंत जाण्यास ७० मिनिटे, तळदारे उघडून गाळ सोडण्यास दहा मिनिटे आणि रिकाम्या जहाजाने परत येण्यास ६५ मिनिटे लागली. वळणे आणि वाहतुकीचा खोळंबा धरून एका फेरीस साडेतीन तास लागतात. दिवसाला सहा खेपा होतील.

१० ऑक्टोबर

सहा खेपा पूर्ण झाल्या, पण खेपांच्या आकड्यांवर मी समाधानी नाही.

हॉपर काठोकाठ भरतो, हे खरे. परंतु जहाजाच्या बुडीवरून, म्हणजे ते पाण्यात किती खोल बुडाले त्यावरून, काढलेले भाराचे वजन दर खेपेला ५,६०० टनांच्या आसपासच येते. ५,००० घनमीटर मिश्रणाचे वजन ५,६०० टन म्हणजे घनता १.१२. नुसते समुद्राचे पाणी भरले असते तरी वजन ५,१२५ टन झाले असते. म्हणजे पाण्याहून जास्तीचे वजन केवळ ४७५ टन आहे. त्यावरून, मातीने जागा घेतलेल्या पाण्याचे वजन मिळवून काढलेले निव्वळ कोरड्या मातीचे वजन सुमारे ७७५ टन येते. नमुन्यांवरून जागेवरच्या गाळाची घनता १.३५ धरली आहे. त्या मापाने प्रत्येक खेपेत तळावरचा फक्त १,४६० घनमीटर गाळ जात आहे. बाकी सारे पाणी आहे आणि ते पाणी आम्ही इंधन जाळून समुद्रातून उचलून पुन्हा समुद्रातच नेऊन ओतत आहोत.

संध्याकाळच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला. गाळउपशाचे काम सांभाळणाऱ्या ड्रेज मास्टरांनी प्रामाणिकपणे विचारले, “हॉपर तर भरतोय, मग खेप हलकी कशी?” प्रश्न रास्त आहे. त्यांचे आणि माझेही बरेच काम हल्दियाला झाले आहे. हुगळीच्या मुखाशी बारीक वाळू असते. ती हॉपरमध्ये खाली बसते, वरचे पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर जाते आणि हॉपर भरल्यावरही पंप चालू ठेवला तर वाळूचा थर वाढतच राहतो. मुंबईचा गाळ तसा नाही. त्याचे कण इतके सूक्ष्म आहेत की हॉपरमधल्या तासाभरात ते खाली बसत नाहीत. ओव्हरफ्लो चालू ठेवला तर जे आत येते तेच बाहेर जाते, आणि मागे सोडलेला गढूळ पट्टा ओहोटीबरोबर पसरतो तो वेगळाच. येथे हॉपर भरल्याक्षणी पंप बंद केला पाहिजे आणि त्याआधी जे भरले जाते तेच घट्ट असले पाहिजे. घट्टपणा हॉपरमध्ये येत नाही, तो खाली ड्रॅगहेडपाशीच यावा लागतो.

११ ऑक्टोबर

पाणी कुठून येते याचा शोध सकाळपासून घेतला.

प्रथम घनतामापक तपासला. तो सक्शन पाइपाच्या आतल्या भागावर बसवलेला आहे. किरणोत्सारी स्रोतातून निघालेले गामा किरण पाइपातून आरपार जाताना मिश्रण जितके दाट तितके जास्त शोषले जातात, या तत्त्वावर तो चालतो. अशा उपकरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, म्हणून ठरलेल्या जबाबदार अधिकाऱ्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. दोन्ही पंपांतून स्वच्छ समुद्राचे पाणी फिरवले. उजव्या बाजूने १.०२५ दाखवले, डाव्या बाजूनेही तेच. मापक ठीक आहेत.

त्यानंतर तीन गोष्टी एकामागून एक सापडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रॅगहेडवरील पाण्याचे जेट चालू होते. घट्ट बसलेली वाळू सैल करण्यासाठी ते असतात. मऊ गाळात त्यांची गरज नसते, उलट ते मिश्रणात आपल्याच हाताने पाणी घालतात. मागील कामाची मांडणी तशीच पुढे चालू राहिली होती. जेट बंद केले.

दुसरी गोष्ट, गाळ सोडल्यावर हॉपरच्या तळाशी सातशे घनमीटरच्या आसपास पाणी शिल्लक राहते आणि त्यावरच आम्ही नवी खेप भरत होतो. म्हणजे ५,००० चा हॉपर प्रत्यक्षात ४,३०० चाच होता. परतीच्या वाटेवर पंपाने हे पाणी काढून टाकण्याचे ठरले. पाइप तळाला टेकल्यावरही सुरुवातीची एक-दोन मिनिटे केवळ पाणी येते. ते हॉपरमध्ये न घेता बाहेर सोडावे आणि घनता वाढल्यावरच झडप हॉपरकडे वळवावी, अशी सूचना पाइप ऑपरेटरांना लेखी दिली.

तिसरी गोष्ट दुपारी दोन वाजता डावा ड्रॅगहेड वर घेतल्यावर दिसली. ड्रॅगहेडच्या पाठीवर पाणी आत घेण्याची एक झडप असते. ती बंद दाखवत होती, पण प्रत्यक्षात चार बोटे उघडी होती. तिच्या फटीत हिरव्या नायलॉनचे जाळे गुंडाळून बसले होते. सारंगाने, म्हणजे डेकवरील खलाशांच्या मुकादमाने, कोयतीने एकेक पीळ कापून काढला. जाळ्याबरोबर हाताएवढ्या जाडीचा दोर, प्लास्टिकचा फुटका फ्लोट, शिंपल्यांनी भरलेली एक गोणी आणि पाटाच्या आकाराचा लाकडाचा तुकडा निघाला. जाळे डेकवर पसरले तेव्हा त्याचा तोंडाकडचा भाग मोठ्या आसांचा आणि शेपटाकडचा अगदी बारीक विणीचा दिसला. सारंग दाभोळकडचे आहेत. त्यांनी हातात घेताच ओळखले, “डोल आहे साहेब. उधाणात खुंट्यावरनं सुटली असेल.”

एक डोल, म्हणजे खुंट्यांना बांधून ओघात उभे करायचे पिशवीसारखे जाळे, विणायला आणि उभी करायला किती खर्च आणि किती दिवस लागतात याची मला कल्पना आहे. जाळे गुंडाळून बाजूला ठेवले आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी इंधन घेण्यासाठी जहाज नांगरावर होते. त्या वेळात पंपाच्या खोलीत आणि दोन्ही ड्रॅगहेडांना झेंडूच्या माळा घालून पूजा झाली. ड्रॅगहेडचे दात घासून जवळजवळ अर्धे झाले होते, तेही याच वेळात बदलून घेतले.

संध्याकाळची खेप: हॉपर ५,००० घनमीटर, भार ५,९५० टन, घनता १.१९. निव्वळ कोरडी माती सुमारे १,३४५ टन. जागेवरच्या मापाने २,५४० घनमीटर. त्याच पंपांनी, तितक्याच वेळात आणि जवळपास तितक्याच इंधनात पावणेदोनपट काम झाले.

१४ ऑक्टोबर

करंजाच्या बाजूच्या काही कोळी बांधवांना जहाजाच्या मदतनीस नौकेवर बोलावून जाळे दाखवले. त्यांच्यातील एका वयस्क नाखव्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि ते आपल्या गावातले नसून वरच्या खाडीकडून वाहून आलेले असावे असे सांगितले. पुढे ते म्हणाले, “आमची डोल पाण्याच्या ओढीला तोंड करून उभी असते आणि तुमचं जहाज त्याच ओढीत चालतं. तुम्ही कुठनं वळणार ते आदल्या दिवशी कळलं तर आम्ही सावध राहू.”

म्हणणे योग्य आहे. काम नौकामार्गाच्या आत चालते हे खरे, पण जहाज वळवताना आम्ही मार्गाच्या कडेपर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी कोणत्या पट्ट्यात काम होणार आणि वळण कोणत्या बोयपाशी (तरंगत्या खुणेपाशी) घेणार, हे रोज संध्याकाळी मराठीत लिहून त्यांच्याकडे पाठवण्याचे ठरले. ही नोंद रोज लिहिण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे.

१७ ऑक्टोबर

कोजागरी काल झाली. आज उधाण आहे आणि भरती दुपारी बाराच्या सुमारास आली. ओहोटीचा ओघ इतका जोराचा होता की वळणावर जहाजाचे नाक एका दिशेला आणि चाल दुसऱ्या दिशेला, असे तिरपे चालावे लागले. तिरपे चालताना एका बाजूचा पाइप जहाजाच्या बुडाखाली दबण्याचा धोका असतो. दोन तास तो पाइप वर ठेवून एकाच पाइपाने काम केले. खेपा पाचच झाल्या.

रात्री ब्रिजवर होतो. आमच्या डोलकाठीवर लाल-पांढरा-लाल असे तीन दिवे उभ्या ओळीत होते. दिवसा त्याच जागी काळा गोळा, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आणि पुन्हा गोळा असतो. जहाजाला मोकळेपणी वळता येत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या बाजूने जाण्यास अडथळा आहे तेथे दोन लाल दिवे आणि ज्या बाजूने जावे तेथे दोन हिरवे. तीनशे मीटरहून लांब एक कंटेनर जहाज भरतीवर आत येत होते. वाहतूक नियंत्रण कक्षाने वीस मिनिटे आधी कळवले होते. आम्ही पाइप तळावरून थोडे उचलले, मार्गाच्या दक्षिण कडेला सरकलो आणि ते जाईपर्यंत थांबलो. ते गेल्यावर पाइप पुन्हा टेकवला तेव्हा पहिल्या मिनिटाची घनता १.२४ आली. त्याच्या पंख्याने वरचा पातळ थर उडवून दिला असावा.

२१ ऑक्टोबर

नवी अडचण आली आहे. भार प्रवासात कमी होत आहे. निघताना ५,९४० टन, प्राँग्जच्या बाहेर पोहोचेपर्यंत ५,८५० टन. आलेखावरील रेषा अगदी सरळ, पण उताराची होती. एका तळदाराच्या रबरी कडेत काहीतरी अडकले असावे असा अंदाज केला आणि गाळ सोडल्यावर दारे तीन वेळा उघड-मीट केली. साखळीचा तुकडा असावा, तो निघून गेला. पुढच्या खेपेला रेषा सपाट राहिली.

गाळ सोडतानाचे दृश्य दूरवरून साधे वाटते, प्रत्यक्षात जहाजावर ते अंगाला जाणवते. दारे उघडताच पायांखालचा डेक वर येऊ लागतो. दोन-चार मिनिटांत जहाज साडेसात मीटरच्या बुडीवरून चार मीटरच्या आसपास वर येते आणि कुशीवरील ओली काळपट रेघ पाण्याच्या कितीतरी वर दिसते. सोडण्याची जागा ठरवून दिलेल्या चौकोनाच्या आतच आहे, याची नोंद यंत्रात आपोआप होते. तरी दर खेपेला दारे उघडण्याची वेळ आणि स्थान ड्रेज मास्टर हातानेही लिहितात. ही पद्धत बंद करू नये, असे माझे मत आहे.

२५ ऑक्टोबर

भांगाची भरती असल्याने पाणी शांत आहे. मधली मोजणी आज केली. बाहेरील दीड किलोमीटरचा पट्टा ठरलेल्या खोलीला आला आहे, परंतु तळ सपाट नाही. ड्रॅगहेडने ओढलेल्या सऱ्यांच्या मध्ये अर्धा-पाऊण मीटर उंचीचे वरंबे राहिले आहेत. नांगरलेल्या शेतात दिसतात तसेच ते पडद्यावर दिसतात. जहाज पुन्हा तेथे फिरवले तर ड्रॅगहेड वरंब्यावरून घसरून जुन्याच सरीत उतरतो आणि पाणी ओढतो. म्हणून टगच्या (ओढनौकेच्या) मागे जड लोखंडी तुळई बांधून वरंबे सऱ्यांमध्ये ढकलण्याचे काम उद्यापासून सुरू होईल. त्यास तीन दिवस लागतील.

आतल्या वळणाबद्दल बंदराच्या प्रतिनिधींशी बराच वेळ चर्चा झाली. तेथे आम्ही काढलेल्या खड्ड्यात कडेचा वाहता गाळ रात्रीतून उतरून येतो. ३३ किलोहर्ट्झचा तळ ठरलेल्या खोलीच्याही खाली आहे, २१० चा तळ मात्र ४० सेंटिमीटर वर. रॉटरडॅमसारख्या बंदरात १.२ घनतेच्या पातळीला नौकायोग्य तळ मानतात, कारण तेवढ्या पातळ गाळातून जहाज सुरक्षितपणे जाऊ शकते. मी तो दाखला सांगितला, पण आमच्या करारात तशी तरतूद नाही, हे त्यांचे म्हणणे मान्य आहे. शेवटचे चार दिवस त्या भागासाठी राखून ठेवले आणि पातळ थर ओढण्यासाठी वेग दीड नॉटवर आणला.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अमावास्येचे उधाण. खेपा पाच. आतल्या वळणावर घनता १.१४ च्या वर जात नाही. येथे ती तेवढीच येणार, कारण तळाचा गाळच पातळ आहे. येथे हलकी खेप हा दोष नाही, हे मुख्य कार्यालयाला पाठवलेल्या अहवालात कारणासह लिहिले आहे, जेणेकरून कोणी आकडे सुधारण्यासाठी जहाज बाहेरच्या घट्ट गाळावर परत पाठवू नये.

४ नोव्हेंबर

अंतिम मोजणी. सकाळी भरती-ओहोटी मापक आणि उपग्रहावरील उंची यांत दोन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे मर्यादेच्या आत. बाहेरील पट्टा पूर्ण झाला आहे. आतल्या वळणावर २१० किलोहर्ट्झचा तळ बहुतेक ठिकाणी ठरलेल्या खोलीला आहे, फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यात सुमारे साठ मीटर लांबीत १५ सेंटिमीटर वर आहे. बंदराच्या प्रतिनिधींनी तो कोपरा लाल पेन्सिलीने दाखवला आणि नकाशावर सही करण्याचे उद्यावर ठेवले.

रात्री आठच्या ओहोटीला डावा पाइप त्या कोपऱ्यात पुन्हा सोडला. उद्याच्या पट्ट्याची नोंद करंजाला पाठवली आहे: काम पश्चिमेच्या कडेला, वळण नेहमीच्या बोयच्या आत, पहाटे चारपर्यंत.